एक्कावन्न टक्क्यांची मालकीण

आमच्या कंपनीची मालकीण मी झाले ते पोळ्या लाटताना. दिग्विजय स्वयंपाकघरात आले, ओट्यावरचं पीठ हातानं बाजूला सारलं, तिथे कागद ठेवले आणि म्हणाले, "इथं, इथं आणि इथं सही कर." मी हात पुसले आणि सह्या केल्या. तव्यावरची पोळी तेवढी करपली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्या घरातली पद्धत आहे, पण इथे मी घेणार. दर वेळी 'हे' म्हणत बसले तर कोण कुणाला काय म्हणालं ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

२०११ सालची गोष्ट. माझ्या सासरची हिंजवडीतली जमीन त्याच्या बरीच आधी आयटी पार्कात गेली होती, तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी बंगले बांधले आणि मोठाल्या गाड्या घेतल्या. माझे सासरे दत्तोबा, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यांनी मात्र बस घेतल्या. ज्या रानात त्यांनी भात काढला त्याच रानात आता काचेच्या इमारती उभ्या होत्या, आणि त्यांतल्या पोरापोरींना कोथरूडहून, बिबवेवाडीहून आणायचं आणि परत सोडायचं हा धंदा. शहाणा माणूस, यात वाद नाही.

मग एका मोठ्या अमेरिकन कंपनीचं कंत्राट निघालं. त्यांच्याकडे नवीन धोरण आलं होतं: ज्या पुरवठादाराकडे निम्म्याहून जास्त मालकी बाईची आणि कारभारही बाईच्या हातात, त्याला झुकतं माप. आमचे सीए म्हणाले, "आबा, सोपं आहे. एक्कावन्न टक्के शेअर घरातल्या एखाद्या लेडीजच्या नावावर करा आणि त्यांनाच मॅनेजिंग डायरेक्टर दाखवा. बाकी सगळं आहे तसंच." घरात लेडीज दोन. सासूबाई अंगठा उठवतात. मी बिबवेवाडीची, बी. कॉम., लग्नाआधी मार्केट यार्डात एका कुरिअरच्या ऑफिसात काम करायचे. तेव्हा नंबर माझा लागला. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारेल असं मलाही वाटलं नव्हतं.

कंत्राट आम्हाला मिळालं. आबांचं एक म्हणणं होतं, की नाव नुसतं कागदात असून भागत नाही, दिसायला पाहिजे. म्हणून त्यांनी प्रत्येक बसच्या पाठीमागे रंगवून घेतलं, 'संचालिका सौ. तनुजाताई, तक्रार असल्यास संपर्क', आणि खाली माझा मोबाइल नंबर. पिवळ्यावर लाल अक्षरं. लांबून वाचता यायची. त्या नंबरावर खरोखरच कुणी फोन करेल हे घरातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही.

लोक करतात ना फोन! एसी चालत नाही, बस वाकडला थांबली नाही, ड्रायव्हर सिग्नल तोडतो. मी भाकरी थापता थापता फोन खांद्यावर धरायची, "हो, हो, बघते" म्हणायची आणि रात्री जेवताना दिग्विजयना सांगायची. ते म्हणायचे, "बघतो." कधी बघायचे, कधी नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी कुकर लावत होते तेव्हा श्रद्धा नावाच्या मुलीचा फोन आला. त्या अमेरिकन कंपनीतली, आमच्या कोथरूडच्या बसमधून ती नेहमी जायची. बाकीचे सगळे उतरले होते, ती एकटीच राहिली होती. ड्रायव्हरनं चांदणी चौकाच्या अलीकडे गाडी थांबवली, दारूच्या दुकानात जाऊन आला आणि बाटली मांडीत धरून गाडी चालवायला लागला. वर आरशात बघून म्हणाला, "मॅडम, एकटंच वाटतंय का? या की पुढं." ती हायवेवर उतरली होती आणि कडेकडेनं चालत होती. मागून ट्रक जात होते, ते मला फोनवर ऐकू येत होते. ती सोसायटीच्या गेटात पोचेपर्यंत मी फोन ठेवला नाही. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या देव जाणे.

शेवटी ती म्हणाली, "उद्या परत हाच असणार का?"

"नाही. मी सांगते."

"कुणाला सांगताय? बसवर नाव तर तुमचंच आहे ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. म्हणून ते जास्तच लागलं.

तो ड्रायव्हर म्हणजे श्याम. सासूबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा. दिग्विजयना सांगितलं तर म्हणाले, "त्याला जरा संध्याकाळची लागते. समज देतो." सासूबाई म्हणाल्या, "पोरी अवेळी भायेर हिंडत्यात आन् नाव आमच्या पोरांचं." श्यामला आठवडाभर दुसऱ्या मार्गावर टाकलं आणि मग गुपचूप परत कोथरूडच्या गाडीवर घेतलं. मी चिडले, भांडी आपटली, पण आपटून आपटून किती आपटणार? घरात भांडी माझीच होती, गाड्या नव्हत्या.

मार्चमध्ये कळलं, की त्या अमेरिकन कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून एक बाई तपासणीला येणार. मालकीण खरी आहे का नावाची, ते बघायला. हिचा अहवाल वाकडा आला तर कंत्राट गेलं, निम्म्या गाड्या उभ्या राहिल्या, आणि खापर फुटायचं ते माझ्या डोक्यावर, हे मला पक्कं माहीत होतं.

घरात तालीम सुरू झाली. दिग्विजय परीक्षक, आबा सोफ्यावर प्रेक्षक आणि मी पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून उभी.

"गाड्या किती?"

"बेचाळीस."

"मोठे निर्णय कोण घेतं?"

"मी."

"अगं जरा जोरात. चोरी केल्यासारखं काय बोलतेस?"

आबा मध्येच म्हणाले, "आन् मालकीण हुबी ऱ्हाती व्हय रं? बस पोरी, बस."

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण आबांसमोर मी कधी बसले नव्हते. आमच्यात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. कुणी मारत नाही, कुणी ओरडत नाही, फक्त बसत नाही. मी सोफ्याच्या अगदी काठावर टेकले. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"आणि त्या पोरीच्या तक्रारीचं विचारलं तर?" मी विचारलं.

"ड्रायव्हरला काढून टाकला म्हणायचं," दिग्विजय म्हणाले. "श्यामला सुट्टी देऊ त्या दिवशी. ती बाई काय घरोघर जाऊन बघणारे?"

"ध्यानात ठेव," आबा म्हणाले, "म्या आत आलो तरी उठायचं न्हाय. त्या बाईपुढं उठलीस तर समदं मुसळ केरात."

तपासणीच्या दिवशी आमच्या गाड्यांच्या यार्डातलं ऑफिस ओळखू येत नव्हतं. माण रस्त्यावर पत्र्याची मोठी शेड, समोर गाड्या आणि एका बाजूला काचेची केबिन, असं ते ऑफिस. दिग्विजयची फिरती खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवली होती. आमदारांबरोबरचा त्यांचा फोटो काढून तिथे माझा लावला होता, एका लग्नातला. गळ्यातला हार कापून टाकला होता, पण हाराची फुलं खांद्यावर राहिली होती. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

तपासणीच्या पूर्णिमा मॅडम एकट्याच आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, केस आखूड, कोथरूडच्या. कोथरूडच्या आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, ते ऐकू येत होतं. दिग्विजयनी नारळ-शाल पुढे केली.

"हे कशासाठी?"

"सत्कार मॅडम. आपल्याकडे पद्धत आहे."

"मी तपासणीला आलेय. सत्कार झाला की तपासणी कशी करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही. ठेवा तिकडे."

त्या माझ्यासमोर बसल्या. पहिला प्रश्न विचारला, "गाड्यांच्या देखभालीचं काम कोण बघतं?"

"ते आमच्याकडे सिस्टिम आहे मॅडम," दिग्विजय बोलायला लागले, "दर महिन्याला..."

"मी यांना विचारलं. आपण कोण?"

"मी यांचा मिस्टर."

"हे पद कंपनीत नेमकं कुठे येतं?"

दिग्विजय हसले. ते हसले की समोरचा बहुतेक वेळा हसतो. पूर्णिमा मॅडम हसल्या नाहीत. "आपण बाहेर थांबलात तर बरं होईल," त्या म्हणाल्या, आणि दिग्विजय स्वतःच्याच केबिनमधून बाहेर गेले. मला आतून काहीतरी गार गार वाटलं. भीतीनं की गमतीनं, सांगता येत नाही.

पुढचे प्रश्न सरळ होते. देखभालीचं मी सांगितलं, कारण एसीच्या तक्रारी मीच ऐकायची. कोणत्या मार्गावर गाडी नेहमी उशिरा पोचते ते सांगितलं. तेही मलाच ऐकावं लागायचं. पाठ केलेलं फार लागलंच नाही. मी जरा सावरले, पाठ खुर्चीला टेकली. तेवढ्यात दार उघडून आबा आत आले. चहावाल्याला घेऊन, पांढरा फेटा बांधून, मालकीणबाईंचा पाहुणचार कसा चाललाय ते बघायला.

मी उठले. ठरवून नाही. गुडघ्यांनीच उठवलं. अर्धी उभी राहिले तेव्हा लक्षात आलं आणि तिथेच थांबले, धड उभी नाही, धड बसलेली नाही. आबांचा चेहरा पडला.

"हे कोण?" पूर्णिमा मॅडमनी विचारलं.

"सासरे. कंपनीचे सल्लागार आहेत."

"सल्लागार आले की मॅनेजिंग डायरेक्टर उठून उभ्या राहतात?"

"सल्लागार आले की नाही राहत," मी म्हणाले. "सासरे आले की राहते."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "बसा," म्हणाल्या. मी बसले. आबा चहा ठेवून बाहेर गेले. मला वाटलं, झालं, मुसळ केरात गेलंच. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो ऐकल्यावर उठणं-बसणं सगळं विसरले.

"फेब्रुवारीत आमच्याकडच्या श्रद्धा नावाच्या मुलीनं तुमच्या नंबरवर तक्रार केली होती. ड्रायव्हर पिऊन गाडी चालवत होता. काय केलंत त्याचं?"

उत्तर तयार होतं. तोंडात होतं. काढून टाकला. दोन शब्द, आणि चहा पिऊन त्या निघून गेल्या असत्या. पण मी काचेतून बाहेर बघितलं. श्यामला सुट्टी दिली होती, तरी श्याम आला होता. घरचाच कार्यक्रम म्हटल्यावर आला असणार. पॅन्ट दुमडून पाइपानं त्याची ती कोथरूडची बस धूत होता, आणि बसच्या मागच्या अंगाला माझं नाव ओलं होऊन चमकत होतं.

मॅडमना त्याचा चेहरा माहीत नव्हता. मी खोटं बोलले असते तर पचलं असतं. हे मला त्या क्षणी अगदी लख्ख कळत होतं. आणि हेही कळत होतं, की यापुढे कोणतीही मुलगी हायवेवर उतरली तर हे खोटं माझं असेल, दिग्विजयचं नाही, आबांचं नाही. नाव माझं, सही माझी, खोटं माझं. मग खरं बोलायची पाळी आली की तेवढं दुसऱ्याचं का?

"नाही काढला," मी म्हणाले.

"का?"

"घरातला आहे. तो बघा, बाहेर गाडी धुतोय."

पूर्णिमा मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी मान वळवून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही हे मला सांगताय याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय. आता काढते."

आमचा सुपरवायझर वैजनाथ केबिनच्या दाराशीच उभा होता. लातूरकडचा माणूस, सगळ्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या तोच लावायचा. मी त्याला हाक मारून आत बोलावलं. माझा आवाज कापत होता आणि तो कापतोय याचा मला भयंकर राग येत होता.

"वैजनाथ, श्यामकडून गाडीची किल्ली घ्या. आजपासून त्याला गाडी द्यायची नाही. कोणत्याच मार्गावर."

वैजनाथनं माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. घाम पुसला. "बरं ताई," म्हणाला. "मालकांना विचारून येतो."

झालं! सात वर्षांत कुणी माझा इतका सभ्य अपमान केला नव्हता. खोलीत मी मालकीण बसलेय, समोर मालकीण तपासायला आलेली बाई बसलीय, आणि हा मालकांना विचारायला निघाला. पूर्णिमा मॅडमनी खुर्ची थोडी वळवून घेतली, म्हणजे काचेतून सगळं नीट दिसेल.

बाहेरचं ऐकू येत नव्हतं. वैजनाथ आबांजवळ गेला, वाकून बोलला. दिग्विजय धावत आले आणि जोरजोरात मान हलवायला लागले. श्यामनं पाइप खाली टाकला. पाणी वाहत राहिलं. चार-पाच ड्रायव्हर जमले. आबांनी केबिनच्या काचेकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही. एरवी केली असती. तेही बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला इथून कळत होतं: नाही म्हटलं तर कंत्राट गेलं, हो म्हटलं तर सासूबाईंचा भाचा गेला. आपण बांधलेल्या गाठीत आपलंच बोट अडकलं होतं.

मग आबा मोठ्यानं बोलले. एवढ्या मोठ्यानं, की काचेतूनही ऐकू आलं. "मला काय इचारतो रं? मालकीण आत बसलीया. ती म्हनंल तसं करायचं! समद्यांनी ऐका!"

श्यामनं खिशातून किल्ली काढली आणि वैजनाथच्या हातावर ठेवली. वर सलाम ठोकला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आबा माझ्या बाजूनं बोलले, सगळ्यांसमोर बोलले! इतकं बरं मला या घरात कधी वाटलं नव्हतं. पूर्णिमा मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, "तुमच्याकडे कारभार कोण बघतं हे मला अजून कळलेलं नाही. पण खोटं कोण बोलत नाही ते कळलं. सध्या मंजूर करते. पुढच्या वेळी सांगून येणार नाही." नारळ, शाल आणि चहा तिथेच ठेवून त्या गेल्या.

त्यांची गाडी रस्त्याला लागली आणि यार्डात एकच कल्ला झाला. दिग्विजयनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. दोन्ही हात पसरून केबिनमध्ये आले. "तनू! काय काम केलंस गं! मला वाटलं, गेलं सगळं. पण तू तर त्या बाईलाच गुंडाळलंस. 'श्यामकडून किल्ली घ्या' म्हणे! अंगावर काटा आला."

आबाही हसत आत आले. फेटा सैल करत म्हणाले, "आन् म्या बी काय कमी बोललो का? सूनबाई, तू तालमीपेक्षा लई वर गेलीस." मला पेढा दिला. हातात नाही, थेट तोंडापुढे धरला. मी तो तोंडात घेतला, आणि मग मला कळलं. या सगळ्यांना ते नाटक वाटलं होतं. आबा माझ्या बाजूनं बोललेच नव्हते. त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं होतं. पेढा मला गिळवेना.

त्यांच्या मागून श्याम आला. दाढीवरून हात फिरवत, लाजल्यासारखं करत. "वहिनी, एक नंबर! मला तर खरंच वाटलं क्षणभर. आबांनी डोळा मारला म्हणून बरं, न्हायतर रडलोच असतो." सगळे हसले. मग तो वैजनाथकडे वळला, हात पुढे केला. "आण रे किल्ली. संध्याकाळची कोथरूडची न्यायचीय."

वैजनाथनं खिशात हात घातला.

मगाशी मॅडम समोर होत्या. मॅडमच्या जिवावर बोलणं सोपं होतं, हे मला आत्ता कळत होतं. आता समोर नवरा होता, सासरे होते, आणि संध्याकाळी ज्या घरात जायचं ते घर त्यांचं होतं.

"वैजनाथ," मी म्हणाले, "किल्ली द्यायची नाही."

श्याम हसतच राहिला. "बाई गेली वहिनी. आता बास की."

"गेली ते बघितलं मी. तुला काढलंय, श्याम. बाई होती तेव्हाही काढलं होतं, आताही काढलंय. संध्याकाळची गाडी दुसरा कुणीतरी नेईल."

आधी श्यामचं हसू थांबलं, मग दिग्विजयचं. आबांच्या चेहऱ्यावरचं सगळ्यात शेवटी गेलं.

"तनुजा," दिग्विजय म्हणाले. त्यांनी पूर्ण नाव घेतलं म्हणजे राग आला. "घरी बोलू. इथं माणसं आहेत."

"माणसं आहेत म्हणूनच इथं बोलतेय. घरी तुम्ही 'बघतो' म्हणाल."

"तू कागदावरची आहेस. विसरलीस का?"

"नाही विसरले. त्या मुलीनं फोन कागदाला नाही केला, मला केला. हायवेवरून चालत होती ती, मला ट्रक ऐकू येत होते. तुम्ही एकदा तरी तो फोन उचललात?"

"आईला काय तोंड दाखवणारेस तू?"

हा प्रश्न मात्र बरोबर जागी लागला. सासूबाई आता माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत, त्यांचा भाऊ दारात येऊन शिव्या घालणार, भावकी तोंडात शेण घालणार. हे सगळं मला दिसत होतं. मी घाबरले होते, हे लपवायचं कारण नाही. पण त्या घाबरण्यातसुद्धा एक गोष्ट मला हलू देत नव्हती. आता मागे सरकले तर पुढच्या सहीला माझ्या हातात पेनही कुणी देणार नाही, हात धरूनच करून घेतील.

वैजनाथ बिचारा मधोमध उभा. दोनदा माझ्याकडे बघितलं, दोनदा आबांकडे. शेवटी त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, बरोबर मध्ये, माझ्यापासून लांब आणि आबांपासूनही लांब. "तुमचं काय ते ठरवा," म्हणाला. "मला लेकरंबाळं आहेत." आणि निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

श्यामनं हात पुढे केला. मी त्याच्या आधी किल्ली उचलली. मूठ मिटली. आता ती काढून घ्यायची तर माझ्या अंगाला हात लावावा लागला असता, आणि काचेबाहेर सगळे ड्रायव्हर बघत होते. श्यामनं आबांकडे बघितलं. आबा माझ्या मुठीकडे बघत राहिले. मग तो कुणाला तरी शिवी देत बाहेर गेला, बहुतेक मलाच.

"मी उद्याच सीएला बोलावतो," दिग्विजय म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "डायरेक्टरपदावरून काढतो हिला. शेअर परत आबांच्या नावावर."

आबांनी त्यांना हातानंच गप्प केलं. ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, जिथे मगाशी पूर्णिमा मॅडम बसल्या होत्या. मी फिरत्या खुर्चीत, ते साध्या. एवढ्या जवळून त्यांच्याकडे मी कधी बघितलं नव्हतं. म्हातारे दिसत होते, आणि रागावलेले कमी, दमलेले जास्त. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं.

"चूक झाली माझी," आबा हळूच म्हणाले. "जमीन इकली तवा बी येवढी चूक न्हाई केली. तुझ्या नावावर करायला नको हुतं."

"चूक झाली खरी, आबा," मी म्हणाले. "पण ती दुरुस्त करायची तर आता माझी सही लागेल."